सुरुंगाची दारू आणि निळी गोळी

औषधांच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकेच नाट्य भरलेले असते. फक्त त्याच्या बखरी कोणी लिहून ठेवीत नाही. पुरुषाच्या शैथिल्यावरील गोळीची कथा दिवाळीच्या फराळाबरोबर वाढावी की नाही, असा संकोच कोणालाही वाटेल. पण ज्या गोष्टीविषयी घरात ब्र काढला जात नाही, तिच्यापायीच घरातले कर्ते माणूस हातचे जाऊ शकते, तेव्हा संकोच बाजूला सारणेच शहाणपणाचे. शिवाय ही कथा शयनगृहात सुरू होत नाही. ती सुरू होते सुरुंगाच्या दारूपासून!

१८४७ साली इटलीतील तुरीन शहरी आस्कानिओ सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ग्लिसरीनवर तीव्र आम्लांची क्रिया करून एक तेलकट द्रव सिद्ध केला. तोच नायट्रोग्लिसरीन. जरा धक्का लागला की त्याचा भडका उडे. त्याचा किंचित अंश जिभेला लावून पाहिला, तर डोके ठणकू लागे. सोब्रेरोने या द्रवाची धास्तीच घेतली. स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलने मात्र तो सोडला नाही. १८६४ साली स्टॉकहोम येथील स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल बळी गेला. तरीही त्याने हा द्रव एका सच्छिद्र मातीत मुरवून त्याला वठणीवर आणले आणि १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले.

मौज अशी की, त्याच १८६७ साली टॉमस लॉडर ब्रंटन या एडिंबरोच्या तरुण डॉक्टराने हृदयशूळाच्या रोग्यांना अमिल नायट्राइट हुंगावयास दिले आणि छातीतली कळ पाहता पाहता ओसरली. पुढे १८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल याने प्रथम स्वतःवर प्रयोग करून, नायट्रोग्लिसरीनचे सूक्ष्म प्रमाणही तोच गुण देते, असे दाखवून दिले. दारूच्या कारखान्यातील कामगारांना याचा अनुभव वेगळ्या मार्गाने येत होता. सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांचे डोके फुटल्यासारखे दुखे. आठवडाभरात शरीर सरावे. काहींच्या छातीत मात्र सुटीच्या दिवशीच कळ येई, कारण त्या दिवशी दारूची वाफ अंगात गेलेली नसे! आणि दैवाचा विनोद पाहा, आयुष्याच्या अखेरीस खुद्द नोबेलला हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच नायट्रोग्लिसरीन घ्यावयास सांगितले. १८९६ साली तो वारला.

हे औषध गुण का देते, हे कळावयास मात्र शंभर वर्षे लागली. १९७७ साली फेरीद मुराद याने दाखविले की, या औषधातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो व त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. रॉबर्ट फर्चगॉट व लुई इग्नारो यांच्या संशोधनाने सिद्ध झाले की, आपल्या रक्तवाहिन्या स्वतःही हाच वायू निर्माण करीत असतात. या तिघांना १९९८ साली पारितोषिक मिळाले, तेही नोबेलच्याच नावाचे.

त्याच १९९८ सालच्या २७ मार्चला अमेरिकेत एका निळ्या गोळीला परवानगी मिळाली. तिच्यातील औषध सिल्डेनाफिल. इंग्लंडमधील सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते १९८९ च्या सुमारास तयार झाले, तेही हृदयशूळावर उपाय म्हणून. त्या कामी त्याने फारसा उजेड पाडला नाही; पण चाचणीसाठी औषध घेणाऱ्या पुरुषांनी एक निराळाच परिणाम कळविला आणि त्या दुष्परिणामाचेच औषध झाले!

आता दोन्ही कथा जेथे भिडतात तेथे धोका आहे. शेतकऱ्याच्या पाटाचे उदाहरण घ्या. जिभेखाली ठेवण्याची हृदयविकाराची गोळी पाटाचे दार उघडते. निळी गोळी दार लावणाऱ्या पाटकऱ्याचा हात धरून ठेवते. एकेकटी आली तर निभावते. दोन्ही एकदम आल्या तर पाणी चहूकडे पसरते आणि मुख्य पाट कोरडा पडतो. म्हणजे रक्तदाब एकाएकी कोसळतो, आणि आधीच दुबळ्या हृदयाला रक्त मिळेनासे होते. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेऊच नये, असा सक्त इशारा आहे. ही गोळी घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागले, तर सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या टाडालाफिलनंतर निदान ४८ तास डॉक्टर नायट्रेट टाळतात. पण रोगी लाजेने गप्प राहिला, तर डॉक्टरांना कळावे कसे?

बाकीचे त्रास बहुधा सौम्य असतात: डोकेदुखी, चेहरा लाल होणे, अपचन, नाक चोंदणे, कधी सारे जग निळसर दिसणे. क्वचित डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाते. २००५ साली अमेरिकेत त्याविषयीची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आली. २००७ साली अचानक बहिरेपण येण्याविषयीही तशीच सूचना आली.

याहून भयंकर प्रकार चोरट्या मालाचा. २००८ साली सिंगापुरात पहिल्या पाच महिन्यांत, मधुमेह नसलेली १५० माणसे रक्तातील साखर अतोनात उतरल्याने रुग्णालयात दाखल झाली. त्यांपैकी चौघे दगावले. शोध घेता कळले की, शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मिसळलेले होते! आपल्याकडे अशा शक्तिवर्धकांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु कायद्याचा हात पोचतो तेथवरच कायदा.

गोळीवर सारा दोष ढकलणेही अन्यायाचे होईल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अनेकांना निर्धोकपणे उपयोगी पडली आहे. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्यावर हेच सिल्डेनाफिल स्त्रियांनाही दिले जाते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हे शैथिल्य पुष्कळदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली वर्दी असते, कारण बारीक रक्तवाहिन्या आधी बिघडतात, मोठ्या मागाहून. जो ही वर्दी लपवून गुपचूप गोळी घेतो, तो दाराशी आलेल्या जासुदाला तोंड उघडण्याआधीच परत पाठवितो.

आपल्या पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या खिशात जिभेखालची गोळी असते, आणि ती कोठे आहे हे सुनेपासून नातवापर्यंत सर्वांना माहीत असते. दुसरी गोळी असली तर ती मात्र कोणालाच माहीत नसते. निदान डॉक्टरांना आणि घरच्या लक्ष्मीला तरी ती माहीत असावी. नोबेलने स्फोटकाला मातीत मुरवून माणसाळविले. लाजेने मनात दडपून ठेवलेल्या गोष्टीला माणसाळविण्यास दोन मोकळे शब्द पुरतात.