भाकरीचे वजन

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की नळदुर्गच्या पुढे थोड्याच अंतरावर जळकोट लागते. (लातूर जिल्ह्यात याच नावाचा एक तालुका आहे, आमचे जळकोट धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले.) हा सारा टापू ज्वारीचा. येथे घरोघर खाल्ल्या जाणाऱ्या मालदांडीचे 'एम ३५-१' हे प्रसिद्ध वाण याच रस्त्यावर, सोलापूरच्या अलीकडे असलेल्या मोहोळ येथे निवडले गेले.

अशा भागात कोणाला मधुमेह झाला, की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो : "भात सोडा, चपाती सोडा, भाकरी खावा. भाकरीनं साखर वाढत नाही." 'काय खावे' याचे हे उत्तर झाले. 'किती खावे' हा प्रश्न त्यात कोणी विचारतच नाही. गंमत अशी, की वैद्यकाचा इतिहास पाहिला तर तेथेही हे दोन प्रश्न क्वचितच एकत्र विचारलेले दिसतात.

लघवीला मधाची गोडी येते, तिला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होते. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला मुख्य अन्न म्हणून जव सांगितले आहेत. ही गोडी साखरेचीच आहे, हे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली लघवी आटवून दाखवले. रक्तातील द्रवही गोड लागतो, असे त्यांना आढळले. मग साखर येते कोठून? वनस्पतिज अन्नातून, असा निष्कर्ष लष्करी शल्यवैद्य जॉन रोलो यांनी काढला आणि १७९७ साली आपला उपचार प्रसिद्ध केला : धान्य जवळजवळ बंद, मुख्यतः मांस, तेही शिळे. काही रोग्यांची साखर उतरली. पण असे अन्न किती दिवस घशाखाली उतरणार? १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाचा तुटवडा झाला. तेव्हा बुशार्दा यांना आपल्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी झालेली दिसली. म्हणजे प्रश्न प्रमाणाचाही होता.

हा धागा अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांनी टोकाला नेला. त्यांनी रोग्यांना जवळजवळ उपाशीच ठेवले. त्यांची एक रुग्ण, एलिझाबेथ ह्यूज, १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला आली तेव्हा पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होती आणि तिचे वजन होते अवघे २० किलो. तेथे नुकत्याच हाती आलेल्या इन्शुलिनने ती वाचली. ॲलन यांना क्रूर म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या उपासमारीने तिला इन्शुलिन मिळेपर्यंत जिवंत ठेवले, हेही खरे. ती पुढे १९८१ पर्यंत जगली.

योगायोगाने त्याच वर्षी, त्याच टोरांटोत डेव्हिड जेंकिन्स यांनी 'ग्लायसेमिक निर्देशांक' मांडला. ग्लुकोजला १०० धरायचे आणि तेवढीच कर्बोदके देणाऱ्या दुसऱ्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते ते पाहायचे. सगळी पिष्टे सारखी नाहीत, हे त्यावरून आकड्यांत दिसले.

ज्वारीला येथे थोडा आधार मिळतो. तिच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती 'काफिरिन' नावाच्या प्रथिनाचे जाळे असते. शिजवल्यावर ते अधिक घट्ट होते आणि पाचकरसांना पिष्टापर्यंत पोचायला वेळ लागतो. पण वेळ लागतो म्हणजे पिष्ट नाहीसे होत नाही.

त्याचा हिशेब जळकोटच्याच रस्त्याने पुढे गेल्यावर, हैदराबादला मिळतो. आयक्रॉइड यांनी १९३७ साली कुन्नूरहून भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती संस्था १९५८ साली हैदराबादला हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. गोपालन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या तिच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदके ७२.६ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६९.४ आणि सडलेल्या तांदळात ७८.२. ज्वारी गव्हापेक्षा किंचित पुढेच!

आता ताटाकडे पाहू. समजा एका चपातीला ३० ग्रॅम पीठ लागते. तिच्यातून सुमारे २१ ग्रॅम कर्बोदके मिळतात. मराठवाड्यातली थोराड भाकरी १०० ग्रॅम पिठाची धरली, तर तिच्यात ७२ ग्रॅमहून अधिक. म्हणजे दोन चपात्या सोडून दोन भाकरी खाणाऱ्याने कर्बोदके जवळजवळ साडेतीनपट केली, आणि वर तो म्हणतो, "पथ्य तर सगळं पाळतो, तरी साखर उतरत नाही." याचे उलट टोक अधिक धोक्याचे आहे. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना भाकरीच सोडून दिली, तर साखर एकाएकी घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. म्हणून भाकरी किती कमी करायची हे डॉक्टरांना विचारून, औषधाच्या मात्रेशी जुळवूनच ठरवावे लागते.

वर्गात यातले बरेच दाखवता येते. भाकरी आणि चपाती यांच्या तुकड्यांवर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. दोन्ही काळेनिळे पडतात. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिल्यास लाळेमुळे पिष्ट फुटून गोडसर चव येऊ लागते. आणि मुलांना आपल्या घरी एका भाकरीला लागणारे पीठ किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून आणायला सांगावे. एका घरचे ६० ग्रॅम आणि दुसऱ्या घरचे १२० भरले, तरी नवल वाटायला नको.