चुना, नीळ आणि शेडकार्ड



कुणी कुणाला फसवलं की आपण 'चुना लावला' म्हणतो. बिचाऱ्या चुन्यावर हा मोठाच अन्याय आहे. आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या धो धो पावसात जुन्या भिंती उभ्या राहिल्या त्या चुन्याच्याच जिवावर.

हे आत्ता लिहायचं कारण भाऊबंदांना ठाऊक आहेच. भोरच्या घराला दिवाळीआधी रंग द्यायचा आहे आणि ग्रुपवर रोज एक नवी शेड येते आहे. घर विकायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, उत्तम झालं. पण ते टिकवायचं असेल तर आधी भिंत काय म्हणते ते ऐकावं लागेल.

पुतण्याने एका इंटिरिअर डिझायनर मुलीला घर दाखवायला आणलं होतं. मला वाटलं, आता शेडकार्ड उघडेल. तिने पर्समधून नाणं काढलं आणि माजघराची भिंत खरवडली. वर गुलाबी प्लॅस्टिक पेंट, त्याखाली कमरेएवढा हिरवा ऑइलपेंटचा पट्टा (शाळेत आणि दवाखान्यात असायचा तोच हिरवा!), मग पिवळट डिस्टेंपर, आणि सगळ्यात खाली निळसर झाक असलेला पांढरा चुना, पापुद्र्यावर पापुद्रे. इतिहासाच्या तासाला मुलांना दाखवायला याहून चांगली वस्तू मिळणार नाही.

तळापासून सुरू करू. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की उकळी फुटते. विरलेला चुना भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो, म्हणजे जिथून निघाला तिथेच परत येतो. बांधकामाचा चुना बैल जुंपलेल्या घाणीत मळत. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची रीत होती. आपल्या हिरडस मावळात हिरड्याला काय तोटा! भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं, तेही चुन्यातलंच दगडकाम.

भिंतीला द्यायचा चुना मात्र पातळ, दुधासारखा. त्यात थोडा डिंक किंवा सरस, म्हणजे हाताला लागत नाही. केकताडाचा ठेचलेला कुंचला. आणि चिमूटभर नीळ. पांढरा रंग पिवळट दिसू नये म्हणून निळीची युक्ती, कपड्यांना तीच आणि भिंतीला तीच. असली निळी पूड पूर्वी अफगाणिस्तानातल्या रत्नासारख्या दगडातून मिळे आणि सोन्याच्या भावाने विकली जाई. १८२८च्या सुमारास युरोपात ती कारखान्यात करायची कृती सापडली, आणि राजेरजवाड्यांचा रंग आपल्या माजघरात आला.

रंग हवाच असेल तर मातीचा. रायरेश्वरावर सात रंगांची माती दाखवतात ती पुष्कळांनी पाहिली असेल. तांबडी, पिवळी, जांभळट, ही मुख्यतः लोखंडाच्या गंजाची किमया. गेरू आणि पिवडी याच जातीचे. ते चुन्यात विटत नाहीत. चुना फार तिखट, नाजूक रंग तो खाऊन टाकतो.

या तिखटपणाचा एक कडू इतिहासही आहे. १८९७च्या प्लेगात पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरं तपासत, सामान बाहेर काढत आणि मागून चुना मारणारी टोळी येई. चुन्याने जंतू मरतात हे खरंच होतं. पण देवघरात बूट घालून शिरणाऱ्याचं खरं कोण ऐकणार? २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या.

वरचे थर नव्या काळाचे. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी हातात ब्रश घेतलेला गट्टू काढला आणि रंगाचा डबा गावोगावच्या दुकानात पोचला. डिस्टेंपर पुसता येत नसे, ऑइलपेंट पुसता येई, म्हणून मुलांच्या हातांच्या उंचीपर्यंत तो पट्टा! सोयीचाच होता, उगाच नावं कशाला ठेवू?

पण अडचण इथेच आहे. आपली भिंत माती-विटांची, चुन्यात बांधलेली. जमिनीतली ओल ती ओढते आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर सोडते. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसला की ओल आत कोंडते, फुगे येतात, गिलावा भुसभुशीत होतो. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा केला. ओल थांबली नाही, फक्त वर सरकली. मागच्या खोलीत जाऊन पाहा, खुंटीच्या उंचीवर नकाशा उमटला आहे. त्या मुलीचंही म्हणणं हेच पडलं: नव्या सिमेंटच्या फ्लॅटला हवा तो इमल्शन द्या, या घराला नको.

तेव्हा माझं मत असं. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा, त्यावर भिंत ओली करून चुन्याचे तीन पातळ हात. पहिला हात दिला की काहीच दिसत नाही, लगेच फोन करू नका. वाळेल तसा पांढरा चढतो. ओटीला पिवडी चालेल. ग्रुपवरची ती राखाडी शेड फ्लॅटमध्ये लावा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल हे कबूल, पण तो आपण स्वतः देऊ शकतो.

एक मात्र नक्की पाळा. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं दशलक्षाला ९० भागांवर आणणारा नियम २०१६चा, आणि तो हिरवा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं असणार असंच धरून चाला. कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, पापुद्रे गोळा करा, तोंडाला फडकं नव्हे तर चांगला मास्क बांधा. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा हवा. आणि खरवडायच्या दिवसांत नातवंडांना भोरला आणू नका, कितीही हट्ट केला तरी.