प्रतिसरकारची दारूबंदी

१९४३ ते १९४६ ह्या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा त्यातच मोडत असे) नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. शेणोलीची आगगाडीची लूट सर्वांच्या स्मरणात आहे. प्रतिसरकारने गावोगाव केलेली दारूबंदी मात्र समाजसुधारणेचे एक कलम म्हणून उल्लेखून सोडून दिली जाते. हे अपुरे होय. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू हे मुंबई सरकारच्या वसुलाचे साधन बनले होते; गुत्ता बंद पाडणे म्हणजे त्या वसुलास हात घालणे होते. शिवाय भूमिगतांचा जीव गावाच्या मौनावर अवलंबून, आणि मौन गुत्त्यावर टिकत नाही.

न्यायदान मंडळे तंटे तोडीत. अंमलबजावणीसाठी तुफान सेना होती. शिक्षेचे स्वरूप कसे होते, ह्याची साक्ष एक शब्द देतो. लोकांच्या तोंडी 'प्रति'चे 'पत्री' झाले. वर्णविपर्यय म्हणून ते सहज समजते. परंतु बैलाच्या खुरांना जी ठोकतात ती पत्री, आणि अपराध्याच्या तळपायांवर काठ्या बसत. पायांत खरोखरच पत्रे ठोकले जात, ही समजूत ह्या शब्दानेच पोसली असावी. दारूड्याच्या घरातील स्त्रीने हे नाव कृतज्ञतेने उच्चारले असेल, हातभट्टीवाल्याने धास्तीने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हेच काम पोलिसांकडे आले. त्या बंदीला मात्र लोकांनी असे नाव दिले नाही.