क्योतोचा परवाना

परदेशातून येणाऱ्या अध्यापकाचा व्हिसा आला की नाही, ही विचारपूस ईश्वरविद्येच्या पाठशाळांना नवी नाही. वेळापत्रकात नाव लागलेले असते, वर्ग रिकामा असतो, आणि दोष कोणाचा हे मात्र उमगत नाही. कचेरी म्हणते, संस्थेने कागद पाठविले नाहीत; संस्था म्हणते, कागद कचेरीत पडून आहेत. शिक्षकाचे परदेशातील वास्तव्य त्याच्या मालकाच्या कागदावर टांगलेले असले म्हणजे काय घडते, हे ज्यांस पाहावयाचे आहे त्यांनी जपानातील क्योतो शहराचा १८७५ नंतरचा इतिहास चाळावा, असे आम्ही सुचवितो.

तो इतिहास आपणांस अगदीच परका नाही. १८१० साली स्थापन झालेल्या ज्या अमेरिकन बोर्डाने गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांस आपल्याकडे धाडले, त्याच बोर्डाची ही पुढची हकीकत आहे. हॉल व नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले आणि कंपनी सरकारने त्यांस परत पाठविण्याचा घाट घातला. तेथे झगडा उघड होता: सरकार राहू देते की नाही, एवढाच प्रश्न. साठ वर्षांनंतर जपानात त्याच बोर्डाच्या माणसांपुढे जो प्रश्न आला तो अधिक नाजूक होता.

१८५८ च्या तहान्वये परदेशीयांनी ठरावीक बंदरांतील वसाहतींतच राहावे असा जपानात नियम होता. अंतर्भागात राहावयाचे तर एकच वाट होती: कोणा जपानी मालकाची किंवा सरकारची नोकरी. परवान्याचा अर्ज करावयाचा तो मालकाने. तो जावयाचा प्रांताच्या गव्हर्नरकडे, तेथून तोक्योस परराष्ट्र खात्याकडे. शिक्षकाच्या हाती काहीच नव्हते. त्याने बंदरात बसून वाट पाहावी.

या व्यवस्थेत नीजिमा जो यांनी मालकाची भूमिका पत्करली. १८६४ साली, देश सोडणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा असताना, हा तरुण हाकोदाते बंदरातून गुपचूप निघाला होता. ॲमहर्स्ट महाविद्यालयात व अँडोव्हरच्या सेमिनरीत शिकून, बोर्डाचा सहकारी म्हणून तो १८७४ च्या अखेरीस मायदेशी परतला. त्यास ख्रिस्ती महाविद्यालय काढावयाचे होते. ओसाकाच्या गव्हर्नराने सांगितले, शाळा काढा, पण मिशनरी शिक्षक नकोत. मिशनरी वगळले तर शिकवावयाचे कोणी? म्हणून नीजिमा क्योतोस वळले. तेथे प्रांताचे अंध सल्लागार यामामोतो काकुमा यांनी आपली जागा त्यांस अल्प किमतीत दिली, आणि दोघांनी मिळून ‘दोशिशा’ ही संस्था स्थापिली. या शब्दाचा अर्थ एकाच हेतूने जमलेल्यांची मंडळी. कागदोपत्री मालक ही मंडळी, आणि तिचा पहिला नोकर जेरोम डेव्हिस, अमेरिकन यादवी युद्धात लढलेला मिशनरी.

क्योतो हे बौद्ध मठांचे शहर. धर्मगुरूंनी सभा भरविल्या, अर्ज धाडले. प्रांताचा कारभार पाहणारे माकिमुरा मासानाओ आरंभी अनुकूल होते, ते आता सावध झाले. यामामोतोंची बहीण याए ही प्रांताच्या मुलींच्या शाळेत शिकवीत असे; नीजिमांशी तिचा विवाह ठरताच तिची नोकरी गेली. नीजिमांकडून माकिमुरांनी लेखी हमी घेतली की शाळेत बायबल शिकविले जाणार नाही. २९ नोव्हेंबर १८७५ रोजी आठ विद्यार्थी व दोन शिक्षक घेऊन शाळा उघडली. त्या सकाळी नीजिमांनी आपल्या घरी डोळ्यांत पाणी आणून जी प्रार्थना केली ती डेव्हिस यांच्या कायम स्मरणात राहिली. बायबलचा वर्ग शाळेबाहेर, त्या घरातच भरू लागला. ही पळवाट होती हे उघड आहे, पण हमी शब्दशः पाळली गेली.

येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. १८७६ साली साप्पोरोच्या सरकारी कृषी महाविद्यालयात विल्यम क्लार्क नैतिक शिक्षण म्हणून बायबलच शिकवीत होते, आणि सरकारने तिकडे कानाडोळा केला. सरकार स्वतःच मालक असले म्हणजे परवाना अडत नाही!

पुढे प्रत्येक नव्या अध्यापकाच्या वेळी तोच खेळ. माकिमुरा अर्ज सहसा नाकारीत नसत. ते नवे प्रश्न विचारीत व कागद ठेवून घेत. नकार मिळाला तर माणूस दाद मागू शकतो. विलंबावर दाद कोठे मागावी? १८७९ साली ड्वाइट लर्नेड यांच्या परवान्याच्या मुदतवाढीचा प्रश्न आला, तेव्हा नीजिमांस थेट तोक्यो गाठावे लागले. परराष्ट्रमंत्री तेराशिमा मुनेनोरी यांचा आक्षेप असा की, शाळा तर परदेशी पैशावर चालते, मग हे शिक्षक जपानी संस्थेचे नोकर कसे? मोरी आरिनोरी यांच्या मध्यस्थीने ते प्रकरण निभावले.

आमच्या मते तेराशिमांचा आक्षेप खोटा नव्हता, आणि मिशनच्या चरित्रकारांनी तो केवळ द्वेष म्हणून उडवून लावावयास नको होता. अध्यापकांचे वेतन बोस्टनहून येत होते. नीजिमा त्यांचे मालक होते ते मोहोरेपुरते. आपण ज्यांच्या अन्नावर आहोत त्यांचाच मालक म्हणून सही करणे या सचोटीच्या माणसास किती जड गेले असेल! त्यांनी बोर्डास कळविले की पैसा मंडळीच्या हाती द्या, खर्च तिने करावा, म्हणजे कागद खरा होईल. बोर्डाने ते मानले. जपानी विश्वस्तांच्या हाती सत्ता जाण्यास, मोठमोठ्या तत्त्वचर्चांइतकाच, एका अडलेल्या परवान्याने हातभार लावला.

१८८१ मध्ये माकिमुरा जाऊन कितागाकी कुनिमिची गव्हर्नर झाले आणि वारे बदलले. नीजिमा १८९० साली, सत्तेचाळीसाव्या वर्षाच्या आतच, वारले. कागद खरा झाल्याचा अनुभव बोर्डास त्यानंतर आला. १८९६ मध्ये विश्वस्तांनी बोर्डाची मदत नाकारली व अमेरिकन अध्यापक बाहेर पडले; १८९८ मध्ये घटनेतील ख्रिस्ती धर्माविषयीचे, कधीही न बदलावयाचे कलमच विश्वस्तांनी काढून टाकले. बोस्टनमध्ये मोठा गहजब झाला, पण जमीन व इमारती जपानी नावांवर होत्या, कारण परदेशीयांस त्या घेताच येत नव्हत्या. बराच वाद होऊन विश्वस्त पायउतार झाले आणि कलम पुन्हा दाखल झाले. १८९९ च्या जुलैमध्ये सुधारित तह अमलात येऊन वसाहतींचा नियमच संपला, आणि परवान्यासाठी मालक शोधण्याचे कारण उरले नाही. ज्यांच्या कागदावरून तोक्योपर्यंत धाव घ्यावी लागली होती, ते लर्नेड पुढे पुन्हा दोशिशात शिकवू लागले आणि १९२८ साली म्हातारपणी अमेरिकेस परतले.