माशांचे बिऱ्हाड

बिऱ्हाड करताना माणूस आधी पाणी बघतो. आम्ही आष्ट्याचे लोक कृष्णाकाठचे. पाणी मिळाले की संसार मांडलाच. समुद्रातले मासे मात्र आधी दगड बघतात!

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. पाणी ताजे राहावे म्हणून मोलकरीण खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. हौस मालकिणीची, दुखणारे हात मोलकरणीचे! पुढल्या वर्षी बाईंनी शेवाळ चिकटलेले दगडच मागवले. शेवाळ पाण्याला प्राणवायू देऊ लागले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. मुंबईत तारापोरवाला यायला १९५१ उजाडले.

दगडाचा खरा गुण पुढे कळला. त्याच्या भोकाभोकांत राहणारे सूक्ष्म जंतू माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. म्हणून मोठ्या पेटीत आधी दगड रचायचे, काही आठवडे दम धरायचा, मग मासे सोडायचे, तेही थोडेथोडे. घाई केली की मासे उताणे!

आणि जुन्या पेटीतले दगड ओलेच न्यायचे. आपल्या आज्या नाही का, बिऱ्हाड हलवताना पाटा-वरवंटा आधी गाडीत चढवीत?