बाटलीवरची कागदी पट्टी

दिवाळीआधी घर झाडताना जळमटांबरोबर विसरलेल्या वस्तूही बाहेर पडतात. यंदा आमच्या कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत औषधे! दहा-बारा अर्धवट पाकिटे, बूच घट्ट बसलेल्या तीन बाटल्या आणि नाव पुसलेली मलमाची एक ट्यूब. मी डबा घेऊन बाहेर निघालो, तोच आत्या म्हणाली, "अरे, पैसे मोजून आणलंय ते. राहू दे, लागेल कधीतरी."

हे 'लागेल कधीतरी' गेल्या वर्षी तिच्याच जिवावर बेतले होते. डॉक्टरांनी तिची रक्तदाबाची गोळी बदलली. जुन्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून आत्याने नव्या गोळीबरोबर त्याही संपवायला घेतल्या. चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मनगट मोडले, तेवढ्यावर निभावले. तिची काटकसर खोटी नव्हती, फक्त ती नको तिथे झाली होती. म्हणून औषधांच्या काटकसरीचा थोडा इतिहास आज वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या दवाखान्यात घरूनच धुतलेली बाटली न्यावी लागे. कंपौंडर तीत लाल मिक्श्चर भरी आणि खाचा पाडलेली कागदाची पट्टी वर चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. औषध दोन-तीन दिवसांचेच मिळे. बाटली संपली की दुखणे तरी संपलेले असे, नाहीतर बाटली पुन्हा दवाखान्याची वाट धरी. घरात औषध उरणार कोठून? जुने ते सारे सोने, असे मला म्हणायचे नाही. त्या लाल पाण्यात काय आहे, हे रोग्याला कधी कळत नसे. पण मोजून देण्याची आणि मोजून घेण्याची शिस्त त्या पट्टीत होती.

याहून कठोर हिशेब एका औषधाच्या जन्मकाळी झाला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. पण ते माणसाला टोचण्याजोगे करण्याचे काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते देण्यात आले. चेहऱ्यापासून सुरू झालेल्या जंतुदोषाने तो मरणाच्या दारी होता. एका दिवसात त्याला उतार पडू लागला. मात्र औषध जगात होते ते तेवढेच! तेव्हा रोग्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन प्रयोगशाळेत नेऊन वेगळे काढीत आणि पुन्हा त्यालाच टोचीत. तरीही साठा संपला. दुखणे उलटले आणि १५ मार्च १९४१ रोजी तो शिपाई गेला. औषधाचा थेंब म्हणजे काय, हे त्या माणसांनी डोळ्यांदेखत पाहिले.

पुढे चित्र पालटले. १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन या देशात तयार होऊ लागले. ही आनंदाचीच गोष्ट. पण विपुलतेबरोबर येणारे संकट खुद्द फ्लेमिंग यांनी आधीच हेरले होते. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यांनी एका कल्पित कुटुंबाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून नवरा स्वतःच्या मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. त्यात जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. तेच जंतू बायकोला बाधतात, तिच्यावर औषध चालत नाही आणि ती दगावते. आपल्या डब्यातल्या अर्धवट पाकिटांकडे पाहिले की मला ती बाई आठवते.

मग काटकसर करावी कोठे? डब्यात नव्हे, दुकानात. नवे औषध सोसेल की नाही हे ठाऊक नसताना महिन्याभराचे एकदम का आणावे? डॉक्टरांना विचारून आधी थोड्या दिवसांचेच घ्यावे. केमिस्ट पाकीट कापून देतो. रोजच्या गोळ्या आणण्यापूर्वी घरातल्या मोजाव्यात. सांगितलेले औषध बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबवू नये आणि एकाचे दुसऱ्याला देऊ नये. मुदत संपलेले केमिस्ट किंवा दवाखाना परत घेतो का, ते विचारावे. केरळ सरकारने २०२५ साली कोझिकोडला न वापरलेली औषधे घरोघरून गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. असे गावोगावी व्हायला हवे.

त्या दुपारी मी आणि आत्या डबा घेऊन ओसरीवर बसलो. तिला खरोखर लागणारी दोनच पाकिटे निघाली. बाकीची वेगळी बांधताना ती पुटपुटली, "केवढे पैसे गेले रे!" मी काही बोललो नाही. कागदाची एक पट्टी कापून डब्याच्या झाकणावर चिकटवली आणि पेन तिच्या हाती दिले. बऱ्या झालेल्या त्याच हाताने तिने लिहिले: औषध कोणाचे, किती, कधीपर्यंत.