बिंदूखालची रेघ
उल्हास नदीकाठच्या बदलापूर-बेलवली परिसराला पूर नवा नाही. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून २४ तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा रोजचा पाऊस आलेखात कसा मांडावा? बिंदू जोडले, तर मधल्या, न मोजलेल्या पावसाचाही भास होतो. म्हणून प्रत्येक बिंदूपासून तारखेच्या अक्षापर्यंत उभी रेघ सोडतात. प्लेफेअरने १७८६ मध्ये छापलेल्या स्तंभालेखाचेच हे सडपातळ रूप. पुढे १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘एस’ ही संगणकभाषा आकारू लागली. तिच्याच वळणाच्या ‘आर’मध्ये ‘एच’ एवढे सांगितले की अशा रेघा उमटतात. आम्हांला वाटते, विद्यार्थ्यांनी आधी त्या आलेखकागदावर हाताने काढाव्यात. महिन्याच्या सरासरीत बुडालेला एखादा दिवस तिथे लगेच डोके वर काढतो.